कुलपातली लग्नपत्रिका

आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप झाला तो झालाच.

लक्ष्मीपुरीत आमचं दुकान. पुढं गिऱ्हाईक, मागं मशीन, वर माडीला घर. लग्नपत्रिका हे मुख्य काम. आधी सगळं शिशाच्या खिळ्यांवर चालायचं. मालक, म्हणजे माझे यजमान, एकेक अक्षर वेचून ओळ जुळवायचे आणि छपाई झाली की खिळे आपापल्या खणात परत टाकायचं काम माझ्याकडं. शाळा मी चौथीत सोडली, पण अक्षरं पक्की झाली ती तिथं. उलटं अक्षर मला सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतं, आजसुद्धा.

त्या खिळ्यांचं एक बरं होतं. मजकूर जुळवला की तो उलटा दिसायचा. समोर बसलेल्या पावण्यानं मान कितीही वाकडी केली तरी त्याला कळायचं नाही, आपलं नाव चुलत्याच्या वर आहे का खाली. आणि मजकूर सुतळीनं आवळून बांधला की एक काना इकडचा तिकडं व्हायचा नाही. बघणाऱ्यापासूनही राखण आणि हात लावणाऱ्यापासूनही. एका जुळणीत दोन्ही कामं.

कॉम्प्युटरवर सगळं सुलटं, उजेडात, ताटात वाढून ठेवल्यासारखं. या आणि बघा. नुसतं बघा नव्हे, हातही घाला.

माझी सून वर्षाराणी त्यावर बसते. बोटं चालतात तिची, नाही म्हणत नाही मी. पण खोड अशी की नवी पत्रिका करायची म्हणून जुनी उघडायची, तिच्यावरच नावं बदलायची आणि तशीच ठेवून द्यायची. जुनी गेली पाण्यात. एकदा गारगोटीच्या एका पाहुण्यांच्या पत्रिकेवर दुसऱ्याच घराचं कुलदैवत छापून गेलं. ते पाहुणे मला विचारतात, "काकी, आमचा देव बदलला ते आमास्नी तरी सांगायचं की." मी काय सांगणार? कपाळ?

हे सगळं मी गिळलं. पण सयाजी पाटलांचं प्रकरण गळ्याशी आलं.

सयाजी शिरोलीचे. एमआयडीसीत त्यांची फाउंड्री. मालकांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, मला काकी म्हणतात. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेत खाली निमंत्रकांची नावं असतात ना, ती कुणाच्या खाली कुणाची हे सयाजींनी स्वतः समोर बसून लावलं. ज्यांच्या घरात पन्नास उंबऱ्यांची भावकी आहे त्यांनाच ते दुखणं कळेल. लग्न मोडलं तर पुन्हा जुळतं, पण पत्रिकेत नाव खाली गेलेला चुलता परत बोलत नाही.

त्यांचे चुलतभाऊ बाळासो. त्यांचं नाव चौथ्या ओळीत होतं. मी भाकऱ्या थापायला वर गेले तेवढ्यात ते दुकानात आले आणि वर्षाराणीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काय सूनबाई, आमच्या सयाजीची पत्रिका कुठवर आली?"

आमचं हे भोळं ध्यान. उघडून दाखवली!

"आरारा! सयाजीचा फोन न्हाय आला व्हय? आवो, माझं नाव दुसऱ्या ओळीत घ्यायला सांगितलंय त्यानं. थोरल्या काकांच्या खाली."

हिनं उचललं आणि ठेवलं दुसऱ्या ओळीत. माझी भाकरी तव्यावरून उतरायच्या आत मधले काका खाली गेले आणि बाळासो वर आले. मी जिना उतरले तर गडी चहा पिऊन मिशा पुसतोय. "वहिनी, च्या एकदम फक्कड!" मी म्हटलं, "बरं झालं." मला काय माहीत कशाचा चहा होता तो.

पत्रिका छापल्या, गेल्या, वाटायलाही सुरुवात झाली. मग एक दिवस सयाजी आले आणि गठ्ठा फळीवर आदळला.

"काकी, ही लग्नाची पत्रिका म्हणायची का भांडणाचं आवतान? मधल्या काकांनी नारळासकट परत धाडलीया. लग्नाला येत न्हाय म्हणत्यात. त्यांच्या मांडीवर खेळलीया माझी पोरगी, आन् तेच मांडवात नसले तर मी काय करू?"

मी वर्षाराणीकडं पाहिलं. ती कॉम्प्युटरकडं बघायला लागली, जणू तो उत्तर देणार आहे. मग रडत रडत सगळं सांगितलं.

सयाजी भला माणूस. म्हणाले, "पुन्हा छापा. नवी पत्रिका घिऊन मी सोता काकांच्या पाया पडतो. पण ह्या खेपंला एक नाव जरी हाललं, तर काकी, तुमचं दुकान आन् माझं दार, दोन्ही एकमेकाला बंद."

मी मालकांच्या हार घातलेल्या फोटोकडं हात केला. "सयाजी, ही पत्रिका छापून तुमच्या हातात पडेपर्यंत माझ्याशिवाय ती कुणी उघडणार नाही. ह्यांच्या समोर शब्द देते."

शब्द दिला खरा. आता तो पाळायचा कसा? मी मुलाला, महांतेशला, म्हटलं, "कुलूप घाल त्याला."

आमचे चिरंजीव हुशार. त्यांनी ती पत्रिकेची फाईल ज्या फोल्डरमध्ये होती, तो फोल्डर लपवून टाकला. वर काहीतरी खूण केली, म्हणे आता नुसतं वाचता येईल, बदलता येणार नाही. "बघ अव्वा, दिसतोय का कुठं?" मला दिसला नाही. मी खूश. दोन दिवसांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सोहेल आला. मी तोऱ्यात म्हटलं, "सोहेल, सयाजींची पत्रिका शोधून दाखव." त्यानं उंदराला चार टिचक्या मारल्या, आणि तो फोल्डर समोर हजर! जरा फिकट दिसत होता एवढंच. आणि ती बदलायची नाही म्हणून केलेली खूण? ती त्यानं बोलता बोलता पुसली.

"काकी, हे कुलूप न्हवं. पडदा हाय. वाऱ्यानं सुदिक उडतोय."

"मग कुलूप आण की मुडद्या, सांगतोस काय!"

सोहेलनं एक सीडी आणून आत काहीतरी घातलं. आता फोल्डरवर टिचकी मारली की तो शब्द विचारणार. बरोबर शब्द दाबला तरच उघडणार. तो म्हणाला, "शब्द एकच माणसाला ठाऊक पायजे. आन् इसरलासा तर मला बोलावू नगासा, मलाबी उघडणार न्हाय."

मी सगळ्यांना बाहेर काढलं. महांतेश म्हणतो, "अव्वा, निदान मला तरी..." म्हटलं, "तू चहाला भुलतोस. बाहेर हो."

आमच्या कीबोर्डावर वर्षाराणीनं मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत, त्यामुळं मला अडचण नव्हती. अडचण होती शब्दाची. देवाचं नाव कुणीही ओळखेल. नातवंडांची नावं तर बाळासोसुद्धा जाणतात. मग मला सुचलं. मालकांचं नाव. मी ते जन्मात घेतलेलं नाही, तर कुणाच्या डोक्यात येईल? तेही लाईटबिलावरचं नाही, लहानपणचं, घरातलं. त्यांची आई त्या नावानं हाक मारायची. ती गेल्यावर ते एकदा म्हणाले होते, "शिवगंगा, आता मला त्या नावानं हाक मारणारं बयाबाईबिगर कोण उरलं न्हाई." बयाबाई म्हणजे माझी नणंद, गडहिंग्लजला असते. महांतेशच्या कानावर लहानपणी आलं असलं तर असलं.

आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. लग्न होऊन मी गडहिंग्लजला आले तेव्हा हीच बयाबाई आणि तिच्या मैत्रिणी उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. नाव घे, तरच आत सोडतो. मी वळले, घराला वळसा घातला आणि परड्यातून मागल्या दारानं आत जाऊन चुलीपुढं बसले. त्या बसल्या उंबरा धरून. दाबणं म्हणजे घेणं नव्हे. मी पट्ट्या बघून पाच बटणं दाबली, पुन्हा एकदा तीच दाबली, आणि झालं.

पुढं काय हाल झाले ते मला विचारा. सयाजींची पत्रिका एकटीच कशाला, म्हणून मी चालू कामं सगळीच त्या कुलपात टाकायला लावली. मग दिवसभर जिन्याखालून हाका. "आत्याबाई, गडहिंग्लजची वास्तुशांत उघडायचीया!" "आत्याबाई, बिलबुक!" मी पिठाच्या हातानं खाली यायची, सगळ्यांना भिंतीकडं तोंड करायला लावायची, पदराआड बटणं दाबायची आणि मग सगळा कीबोर्ड पुसून काढायची. का तर पाच बटणांवर पीठ राहिलं की आंधळ्यालाही कळेल. वर्षाराणी एकदा पुटपुटली, "त्यापरीस तुमीच बसा की हितं." मी म्हटलं, "बसले असते. खिळे असते तर."

तरी काम झालं. पत्रिका नीट लागली. सयाजींनी दोनदा वाचली, बोट ठेवून नावं मोजली आणि सही केली. प्लेट करायला लागणारा ट्रेसिंगचा कागद वर्षाराणीनं छापून काढला. मी कुलूप घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गडहिंग्लजला गेले. बयाबाईच्या नातवाचं बारसं होतं. कागद निघाला म्हणजे काम संपलं, उरलं ते मशीनचं, असा माझा हिशेब.

माझा हिशेब बरोबर होता. पण माझ्या मुलाच्या हातात चहाचा पेला होता.

बयाबाईच्या नव्या घरात बायका दाटल्या होत्या. पाळणा सजलेला, घुगऱ्या वाटून झालेल्या, पोराच्या कानात नाव सांगायचं तेवढं राहिलेलं. तेवढ्यात सोप्यातला फोन वाजला आणि कुणीतरी ओरडलं, "शिवगंगाकाकू, कोल्हापूर!"

"आत्याबाई," वर्षाराणी एका दमात सांगायला लागली, "ह्यांनी ट्रेसिंगवर च्या सांडला. मधले काका, थोरले काका, सगळे धुऊन गेले. पुन्ना काढाय पायजे. कुलपाचा शब्द सांगा."

"मी येते. उद्या सकाळी."

"उद्या कशाला! सयाजी पाटील हितं बसल्यात. उद्या पहाटं पयली पत्रिका जोतिबाला, आन् तिथनं ते मधल्या काकांकडं जाणार. त्यांना कळवून ठिवलंय त्यांनी. सांजंला भारनियमन हाय, लाईट गेली की मशीन बंद. आन् आत्याबाई... बाळासोबी आल्यात."

"त्यो कशाला तडफडला तिथं?"

"सहज आलो म्हणत्यात. म्हणत्यात, जुनीच पत्रिका चालवा, त्यात काय वाईट हुतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आवाज उतरवला. "महांतेशला म्हणावं, तुझ्या अप्पांचं लहानपणचं नाव. घरातलं."

पलीकडं कुजबुज झाली. "ते म्हणत्यात, लाईटबिलावरचं तेवढं ठाऊक हाय. दुसरं नाव हुतं व्हय अप्पास्नी?"

बापाचं नाव माहीत नाही पोराला! चहा मात्र माहीत.

मी फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि बयाबाईला खुणेनं बोलावलं. ती गुडघे धरत आली. तिच्या कानात सगळं सांगितलं. म्हटलं, "तू बहीण आहेस. तुला घ्यायला काय? एवढं एक नाव सांग माझ्या सुनेला."

बयाबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सोप्याच्या दारात गेली आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

"म्या न्हाय सांगायची."

"बया, थट्टा नको. दिलेला शब्द जाईल माझा."

"मग घे की नाव. त्या दिवशी म्या उंबऱ्यात हुबी, आन् तू गेलीस मागल्या दारानं. गावभर हसली माणसं मला." तिनं हातानं घर दाखवलं. "ह्या घराला मागलं दार न्हाय, वैनी."

बायका गोळा झाल्या. पाळण्यातलं पोर रडायला लागलं, त्याच्याकडं कुणी बघेना. एक म्हणाली, "उखाण्यात पायजे, नुसतं न्हाय." दुसरी म्हणाली, "मोठ्यानं!" ह्यांना परक्या घराच्या कुलपाचं काय पडलंय!

फोनमधून वर्षाराणी, "आत्याबाई? सयाजी पाटील उठले हो. चप्पल घालतायत."

मी डोळ्यांपुढं मालकांचा फोटो आणला. तीस-बत्तीस वर्षं ह्या माणसाचं नाव मी दाताआड धरलं, देवाच्या दारातसुद्धा सोडलं नाही, आणि ते कुणापायी सोडायचं? बाळासोपायी? चहाच्या पेल्यापायी? पण सयाजी चप्पल घालत होते. आणि मधले काका नारळ परत पाठवून बसले होते.

मी फोन तोंडाशी धरला, बयाबाईकडं रोखून पाहिलं आणि म्हटलं:

"कॉम्प्युटरला घातलं कुलूप, किल्ली ठेवली पोटात,
गुंडूरावांचं नाव आणलं, मेल्यांनो, तुम्ही ओठात!"

बायकांनी असा गलका केला की छपराची कौलं असती तर उडाली असती. बयाबाई एकटी ओरडली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला. "गुंडू," ती म्हणाली, "आमचा गुंडू." आणि नाक शिंकरलं.

"काय म्हणलासा?" वर्षाराणी ओरडली. "ऐकू ईना! मोठ्यानं बोला!"

"गुंडू!"

"गुंडू? आवो, गुंडू म्हणत्यात!" ही सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "आत्याबाई, राव पण दाबू?"

"राव मी मानानं म्हटलं. कुलपाला कशाला मान? पट्ट्यांवरची अक्षरं बघून दाब."

टकटक आवाज आला. त्या वेळात मी सगळे देव आठवले.

"उघडलं!"

मी फोन ठेवला. बयाबाई उंबऱ्यावरून उठली, बाजूला झाली आणि म्हणाली, "ये आता. आत ये." मी आतच होते. तरी जाऊन पाळण्याशी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात पोहोचले तर पत्रिका केव्हाच गेल्या होत्या. लाईट जायच्या आत निघाल्या, मधले काका आपल्या ओळीत, बाळासो चौथ्या. सयाजींनी निरोप ठेवला होता की काकांनी पत्रिका कपाळाला लावली आणि नारळ ठेवून घेतला. लग्नाला मी गेले. मधले काका मांडवाच्या दारात उभं राहून सगळ्यांच्या हातात अक्षता देत होते. बाळासो रुसून येणार नाहीत असं सगळे म्हणत होते. आले, आणि पहिल्या पंगतीला बसले.

माझा ताप मात्र गेला नाही. ते कुलूप आता सगळ्या पेठेच्या तोंडात. मशीनवरचा माणूस म्हणतो, "वहिनी, गुंडू टाका, बिलबुक काढायचंय." वर्षाराणी दिवसातून दहादा म्हणते, "गुंडू दाबला, उघडलं." महांतेश एकदा फोटोसमोर उभा राहून स्वतःशीच ते नाव म्हणून बघत होता, मी आलेली पाहिली आणि उगाच उदबत्ती नीट करायला लागला. आणि परवा बाळासो आले. दारातूनच विचारतात, "काय वहिनी, गुंडूराव हायत का घरात?" त्यांची खुर्ची मी बाहेर पायरीवर ठेवली आहे, कॉम्प्युटरकडं पाठ करून. चहाही तिथंच मिळतो. बिनसाखरेचा.

वर्षाराणीला म्हटलं, "कुलूप बदल."

ती म्हणाली, "बदलते की. नवा शब्द सांगा."

आठ दिवस झाले, रोज विचारते. कुठून आणू? लाईटबिलावरचं तर सगळ्या पेठेला ठाऊक. जन्मभर तोंडाबाहेर न काढलेलं माझ्याजवळ एकच नाव होतं.